‘फॉल’चे अर्थ पाठ करू नका, आधी ‘पडणे’ ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे: “इंग्रजी ‘फॉल’ या क्रियापदाचे अर्थ मोठ्या शब्दकोशात पानंच्या पानं भरून दिलेत. पाठ केले तरी आठवडाभरात विसरतो. ‘आजारी पडणे’, ‘प्रेमात पडणे’ इंग्रजीशी तंतोतंत जुळतं, म्हणून ‘द डील फेल थ्रू’ याचं मी ‘व्यवहार पार पडला’ असं भाषांतर केलं, तर ते चक्क उलटं निघालं. कुठे जुळतं आणि कुठे नाही हे ओळखायचं कसं? आणि पानगळीच्या ऋतूलाही फॉल का म्हणतात?”

मी वीस-बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आहे आणि अलीकडे नव्या भाषांतरकारांना शिकवतेही. ‘पार पडला’ ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे, की आता पहिल्या आठवड्यातच ते वाक्य मुद्दाम फळ्यावर लिहिते. चूक करणाऱ्याचा विचार अगदीच चुकीचा नसतो. ‘थ्रू’ म्हणजे आरपार, ‘फेल’ म्हणजे पडला, झालं की ‘पार पडला’! गडबड त्या ‘पार’मध्ये आहे. आपल्या ‘पार पडणे’तला पार म्हणजे पैलतीर. काम अडचणींच्या नदीतून पलीकडच्या काठाला लागलं, म्हणून ते पार पडलं. इंग्रजी ‘फॉल थ्रू’मध्ये नदीही नाही आणि काठही नाही. तिथलं चित्र फाटक्या खिशाचं आहे. किल्ली खिशात टाकली, खिशाला भोक होतं, किल्ली त्यातून गेली. हातात आलेली गोष्ट टिकली नाही. म्हणून ‘डील फेल थ्रू’ म्हणजे व्यवहार फिसकटला. बेत असेल तर बारगळला, बोलणी असतील तर फिसकटली, ठरलेलं लग्न असेल तर मोडलं. बघा, इंग्रजीचा एक प्रयोग आणि मराठीत तीन क्रियापदं. पण तुमच्या शब्दकोशात हे तीन वेगळे ‘अर्थ’ म्हणून दिसणार नाहीत, कारण इंग्रजी माणसाच्या डोक्यात तो एकच अर्थ आहे.

म्हणजे अर्थ फार आहेत ही खरी अडचण नाहीच. शब्दाच्या पोटातलं चित्र न बघता आपण त्याच्या जागी मराठी शब्द बसवायला जातो, ती आहे. आता चित्र किती खोल बघायचं, हे तुम्ही कशासाठी शिकताय त्यावर ठरेल. बोलण्यापुरतं हवं असेल तर पंधरा-वीस प्रयोग सरावाने बसतात आणि तेवढे पुरतात. परीक्षेसाठी हवं असेल तर ‘फॉल’च्या मागे येणाऱ्या चिमुकल्या शब्दांवर जास्त वेळ घालवा, प्रश्न तिथेच येतात. भाषांतरासाठी हवं असेल, आणि तुमच्या उदाहरणावरून तसं वाटतंय, तर पुढचं सगळं कामाचं आहे.

‘फॉल’मध्ये मुळात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक दिशा, म्हणजे वरून खाली. दुसरी म्हणजे आपल्या हातात काही नसणं. दुसरी गोष्ट सहज सुटते, आणि बहुतेक वाक्प्रचारांचा जीव तिच्यातच असतो. वैमानिकाने घोषणा केली की विमान ‘डिसेंड’ होत आहे, तर प्रवासी मुकाट्याने पट्टा बांधतात. त्याऐवजी तो विमान ‘फॉल’ होत आहे म्हणाला तर किंचाळ्या ऐकू येतील. दिशा दोन्हीकडे खालीच आहे. मराठीतही नेमकं हेच आहे: विमान उतरलं आणि विमान पडलं. उतरणाऱ्याच्या हातात लगाम असतो, पडणाऱ्याच्या नसतो.

एकदा हे डोक्यात बसलं, की ज्या प्रयोगांत वर-खाली काहीच नाही तेही समजू लागतात. ‘फॉल इल’, ‘फॉल इन लव्ह’, ‘फॉल अस्लीप’, ‘फॉल सायलेंट’ यांत कुणी खाली जात नाही. पण आजारी पडायचं, प्रेमात पडायचं किंवा डोळा लागायचा हे कुणी ठरवून करत नाही. ते होतं, आणि झाल्यावर कळतं. इथे दिशा गळून गेली आणि अवशता तेवढी उरली. उलट बाजूने तपासून बघा: इंग्रजीत ‘फॉल अवेक’ म्हणत नाहीत, ‘फॉल हेल्दी’ही नाही. जागं व्हायचं तर ‘वेक अप’, म्हणजे वर. तब्येत सुधारायची तर ‘गेट वेल’. झोपेत, आजारात, कर्जात माणूस पडतो आणि बाहेर मात्र प्रयत्नाने निघतो.

यातून एक व्याकरणाची गोष्टही आपोआप सुटते. पडणं क्षणाचं असतं. म्हणून ‘आय फेल अस्लीप फॉर एट अवर्स’ हे वाक्य इंग्रजी कानाला विचित्र लागतं, जणू कुणी आठ तास सलग पडतच होतं. आठ तासांसाठी ‘स्लेप्ट’ हवं, ‘फेल अस्लीप’ म्हणजे फक्त डोळा लागला तो क्षण. ‘दे फेल इन लव्ह फॉर टेन इयर्स’ चालत नाही तेही याच कारणाने. दहा वर्षं प्रेमात *असतात*, *पडतात* एकदाच.

आता मराठीकडे येऊ. माझ्या वर्गात मी ‘फॉल’ शिकवण्याआधी एक काम देते: पाच मिनिटांत ‘पडणे’ची जमतील तेवढी वाक्यं लिहा. लोक चकित होतात. पाऊस पडतो, ऊन पडतं, अंधार पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, नाव पडतं, खड्डा पडतो, गाठ पडते, फूट पडते, भर पडते, विसर पडतो, यंत्र बंद पडतं, माणूस एकटा पडतो, कपडे महाग पडतात, अडचण पथ्यावर पडते, आणि आपण सकाळी घराबाहेर पडतो. यांतल्या किती वाक्यांत काही वरून खाली आलं? दोन-चार. तरी ही यादी कुणी आपल्याला पाठ करायला लावली नव्हती. इंग्रजी माणूस ‘फॉल’च्या बाबतीत याच स्थितीत आहे, आणि मराठी शिकू लागला की ‘पडणे’वर तो आपल्यासारखाच डोकं धरून बसतो.

मग दोन याद्या शेजारी ठेवायच्या. पहिली जुळणाऱ्यांची, ती वाटते त्यापेक्षा मोठी निघते. ‘फॉल व्हिक्टिम’ म्हणजे बळी पडणे, ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे मागे पडणे, ‘फॉल शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे. सरकार दोन्हीकडे पडतं, विकेट दोन्हीकडे पडते, सावली दोन्हीकडे पडते, सैनिक दोन्हीकडे रणात पडतात. ‘हिज फेस फेल’ म्हणजे त्याचा चेहरा पडला, अगदी शब्दाला शब्द. इथे डोकं चालवू नका, जुळतंय ते घ्या. नवे भाषांतरकार इथेही ‘त्याच्या मुखावर निराशा पसरली’ वगैरे लिहितात. शब्दशः जुळलं म्हणजे भाषांतर कच्चं, असा एक गैरसमज आहे, त्यातून हे होतं.

दुसरी यादी न जुळणाऱ्यांची. अभ्यास हिचाच करायचा. झोप आपल्याकडे पडत नाही, लागते, भूक आणि तहान लागते तशीच. केस गळतात, पानं गळतात किंवा झडतात, दात मात्र पडतात. ताप उतरतो, पूर ओसरतो, दरड कोसळते, भिंत ढासळते. इंग्रजीत यांतल्या बऱ्याच ठिकाणी ‘फॉल’ चालून जातो. आपण मात्र पडणाऱ्या वस्तूकडे बघून क्रियापद निवडतो: चिकटलेलं गळतं, भरलेलं ओसरतं, रचलेलं ढासळतं. उलट दिशेने पाहिलं, तर स्वप्न इंग्रजीत ‘फॉल’ होत नाही, प्रश्नही होत नाही. ‘मला प्रश्न पडला’ला ‘आय वंडर्ड’ पुरतं. संध्याकाळी ‘नाइट फॉल्स’, पण सकाळी ‘डे ब्रेक्स’, दिवस फुटतो! आपल्याकडे तो उजाडतो किंवा उगवतो.

दुसऱ्या यादीतलं एक उदाहरण जरा जवळून दाखवते, कारण यात मी स्वतः फसले होते. वृद्ध रुग्णांसाठी एक प्रश्नावली भाषांतराला आली होती. त्यात एक ओळ होती, ‘हिस्टरी ऑफ फॉल्स’. मी लिहिलं, ‘पडण्याचा इतिहास’. शब्द सगळे बरोबर. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं: “आजोबांना वाचून दाखवा.” मी मनातल्या मनात वाचून दाखवलं, आणि ते आजोबा माझ्याकडे बघत राहिले, कोणाचा इतिहास, कोणती लढाई? शेवटी तिथे गेलं, “गेल्या वर्षभरात तुम्ही कधी पडला होता का? किती वेळा?” वैद्यकीय इंग्रजीत ‘फॉल’ हे मोजता येणारं नाम आहे, एक फॉल, दोन फॉल्स. मराठीत पडण्याच्या घटनेला असं सुटसुटीत नाम नाही. ‘पतन’ आहे, पण ते चारित्र्याचं किंवा साम्राज्याचं होतं, न्हाणीघरात कुणाचं होत नाही. अशा वेळी नामाचा हट्ट सोडून क्रियापदाने वाक्य करायचं. ‘फॉल’च्या बाबतीत माझा हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय आहे.

आता क्रियापदाची रूपं. इथे मराठी माणसाला एक खास सवलत आहे आणि एक खास खड्डाही. खड्डा आधी. ‘मी पेला पाडला’ हे ‘आय फेल द ग्लास’ होत नाही. ‘फॉल’ हे अकर्मक आहे, कुणाला पाडण्यासाठी ते चालत नाही. तिथे ‘ड्रॉप’ किंवा धक्का लागून पडला असेल तर ‘नॉक ओव्हर’. गंमत म्हणजे आपण बहुतेक वेळा ‘पाडला’ही म्हणत नाही. ‘माझ्या हातून पेला पडला’ असं म्हणून हात झटकतो. इंग्रजी माणूस ‘आय ड्रॉप्ड इट’ म्हणून चूक पदरात घेतो, आणि त्याचा अर्थ मुद्दाम टाकला असा होत नाही. इंग्रजीतला ‘ड्रॉप’ पाहून मराठीत ‘टाकला’ लिहिलं, तर बिचाऱ्यावर नसता आरोप होतो.

सवलत अशी. इंग्रजीत ‘पाडणे’साठी एक जुनं जोडरूप आहे. ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’ तुम्हाला ठाऊक आहे. पण ‘फेल’ हे स्वतंत्र क्रियापदही आहे, अर्थ: झाड तोडून पाडणे. त्याचा भूतकाळ ‘फेल्ड’. इंग्रजी जिच्यातून आली त्या प्राचीन भाषेत मूळ धातूचं रूप बदलून ‘करायला लावणे’ हा अर्थ मिळत असे. ‘सिट’वरून ‘सेट’, ‘लाय’वरून ‘ले’, ‘राइज’शेजारी ‘रेझ’ या जोड्या त्याच काळातल्या. इंग्रजीत त्या आता मोजक्या उरल्यात आणि तिथल्या शाळकरी मुलांनाही छळतात. आपल्याकडे ही यंत्रणा अजून धडधडीत चालू आहे: पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, तरणे-तारणे, चरणे-चारणे. तेव्हा ‘फॉल’ आणि ‘फेल’ ही जोडी ‘पडणे-पाडणे’ म्हणून लक्षात ठेवा, दुसरं काही लागत नाही. देवनागरीत नापास होण्याचा ‘फेल’ही असाच दिसतो, त्याचा या कुळाशी संबंध नाही. आणि ‘फेल्ट’ म्हणजे ‘वाटलं’, ते ‘फील’चं. ‘आय फेल्ट डाउन’ लिहिणारे मला दर तुकडीत दोघे-तिघे भेटतात.

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे तर जरा आडवाट. ‘पडणे’ संस्कृत ‘पत्’ धातूवरून आलं, आणि संस्कृतात ‘पत्’ म्हणजे पडणेही आणि उडणेही! ‘पतन’ तिथलं आणि पंख या अर्थाचं ‘पत्र’ही तिथलंच. त्याच कुळातल्या ग्रीक शब्दावरून आलेला ‘टोसिस’ हा शब्द डोळ्याचे डॉक्टर वापरतात, वरची पापणी खाली लोंबत असेल तर. ग्रीक व्याकरणकार नामाच्या विभक्तीलाही हाच ‘पडणे’वाचक शब्द वापरत. रोमन लोकांनी त्याचं भाषांतर ‘कासुस’ केलं, म्हणजे पुन्हा पडणंच, आणि त्यावरून इंग्रजीत विभक्तीला ‘केस’ म्हणतात. आपल्याकडे यास्काने शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात ‘निपात’ (म्हणजे ‘च’, ‘वा’ यांसारखी छोटी अव्ययं) या शब्दाची फोड केली ती अशी: हे शब्द नाना अर्थांमध्ये ‘पडतात’, म्हणून निपात. एकाच शब्दाचे ढीगभर अर्थ ही तक्रार जुनी आहे, आणि तिच्यासाठीसुद्धा शब्द ‘पडणे’चाच सापडला.

परत मुद्द्यावर. ‘फॉल’मागचे छोटे शब्द. यांत चित्र बघायची सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते. शिडीवरून पडला तर ‘ऑफ’, उभा माणूस अडखळून आडवा झाला तर ‘ओव्हर’, खड्ड्यात पडला तर ‘इन’. मराठीत तिन्हीकडे नुसतं ‘पडला’ चालतं, फरक ‘वरून’, ‘आडवा’, ‘खड्ड्यात’ हे शब्द दाखवतात. ‘फॉल अपार्ट’ म्हणजे भाग सुटून विखुरणं, वस्तूचं आणि माणसाचंही. खचून गेलेल्या माणसासाठी ‘कोलमडला’ चपखल बसतं. ‘फॉल फॉर’चे दोन अर्थ शब्दकोश वेगळे देतो, कुणावर भाळणे आणि कुणाच्या थापेला फसणे. मला ते एकच वाटतात, तोल तिकडे गेला. संदर्भ बघून ‘भाळला’ किंवा ‘भुलला’ लिहा. ‘भुलला’ तर दोन्हीकडे चालतं.

‘फॉल आउट’ मात्र खरोखर तीन दिशांना जातं. केसांच्या बाबतीत गळणे, मित्रांच्या बाबतीत बिनसणे, आणि कवायतीत रांग मोडून बाहेर पडणे. जोडून लिहिलेलं ‘फॉलआउट’ हे नाम दुसऱ्या महायुद्धानंतर अणुस्फोटांच्या संदर्भात रूढ झालं. स्फोटानंतर हवेतून खाली येणारी किरणोत्सारी धूळ म्हणजे फॉलआउट. आता कुठल्याही निर्णयाच्या नको असलेल्या परिणामांना ते वापरतात. बातमीत आलं तर ‘पडसाद’ लिहा. पुन्हा ‘पड’, बघा.

आकड्यांचं एक सांगायलाच हवं, कारण इथली चूक कुणाच्या लक्षात येत नाही आणि नुकसान खरं होतं. ‘फेल बाय 10’ आणि ‘फेल टू 10’. पहिल्यात 10ने घट, दुसऱ्यात घसरून 10वर. तापमान 25 अंश असेल, तर पहिल्या वाक्याने ते 15 झालं आणि दुसऱ्याने 10. सुरुवातीच्या काळात एका अहवालात मी ‘ने’च्या जागी ‘वर’ लिहिलं होतं. वाक्य झकास वाचत होतं, म्हणून तीन जणांच्या नजरेतून सुटलं. तेव्हापासून ‘फॉल’शेजारी आकडा दिसला की मी पेन्सिलीने आधी आणि नंतर अशी दोन्ही मूल्यं समासात मांडते, मगच वाक्य लिहिते. क्रियापद निवडताना वेगही बघा. हळू असेल तर उतरणे, नकळत असेल तर घसरणे, धाडकन असेल तर कोसळणे, आणि एकामागून एक असेल तर गडगडणे. मूळ लेखकाने साधं ‘फॉल’ वापरलं असेल तर ‘कोसळला’ लिहून खळबळ माजवू नका.

काही जोडशब्द फसवे आहेत. ‘लँडफॉल’मध्ये जमीन पडत नाही. लांबच्या प्रवासानंतर खलाशांना जमीन दिसणे हा त्याचा जुना अर्थ, म्हणजे जमीन ‘दृष्टीस पडणे’, आपला वाक्प्रचार तयारच आहे. चक्रीवादळाच्या बातमीत मात्र ‘किनाऱ्यावर धडकले’. ‘विंडफॉल’ म्हणजे आधी वाऱ्याने झाडावरून पडलेलं फळ, न चढता मिळालेलं, आणि पुढे अनपेक्षित लाभ. याला ‘घबाड’ हा झणझणीत शब्द आहे, पण सरकारी किंवा आर्थिक मजकुरात तो चालत नाही, तिथे ‘अनपेक्षित लाभ’ असंच सपक लिहावं लागतं.

राहिला ऋतू. ‘फॉल’ हे अमेरिकेतलं नवं खूळ आहे असा समज आहे, पण तो मूळचा इंग्लंडमधलाच. 16व्या शतकात तिथे या काळाला ‘फॉल ऑफ द लीफ’ म्हणत, म्हणजे सरळ पानगळ, आणि पालवी फुटण्याच्या काळाला ‘स्प्रिंग’. पुढे ‘ऑफ द लीफ’ गळून नुसतं ‘फॉल’ राहिलं. स्थलांतर करणाऱ्यांनी ते अटलांटिकपलीकडे नेलं. मागे इंग्लंडात फ्रेंचमधून आलेल्या ‘ऑटम’ने जम बसवला आणि ‘फॉल’ तिथून हद्दपार झालं. मराठीत याला सरसकट ‘शरद’ लिहितात, ते मला पटत नाही. शरद म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चांदणं येतं. मजकुरात झडणारी पानं असतील तर ‘पानगळ’ लिहा. आणि विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जावर ‘फॉल सेमिस्टर’ असेल तर ऋतूच्या भानगडीत पडूच नका. अमेरिकेत ते साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होतं, तेव्हा संस्थेच्या वेळापत्रकात बघून सरळ महिना लिहून टाका.